दार उचलतं कोण?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका घराच्या गॅरेजचं दार 16 फूट रुंद आणि 7 फूट उंच आहे. आत दोन गाड्या, शिवाय गवत कापायचं यंत्र, बर्फाची फावडी, घाऊकात आणलेले पाण्याच्या बाटल्यांचे खोके. या राज्यातल्या पुष्कळ घरांसारखंच इथेही पुढचं दार पाहुण्यांपुरतं. घरची माणसं ये-जा करतात ती गॅरेजमधून. हे दार उघडणारी छताखालची मोटर गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरत होती. दार अर्ध्यावर आलं की खडखडाट, आणि कडाक्याच्या थंडीत तर मध्येच थबकून माघारी. शेवटी भाच्याने नवा ओपनर घ्यायचं ठरवलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. समोर मावशी. ती वीज मंडळातून निवृत्त झालेली इंजिनिअर, निम्मं आयुष्य सबस्टेशनांत काढलेली. भाचा सॉफ्टवेअरमधला. ओपनर घेताना गिऱ्हाईक नेमकं कुठे फसतं, ते या दोघांच्या वादावादीतून छान उलगडत गेलं.

"सव्वा हॉर्सपॉवरचा घेतोय," भाचा म्हणाला. "अर्ध्या-पाऊणच्या भानगडीत पडायचंच नाही. दार बघ केवढं आहे."

"वजन किती दाराचं?"

"इन्सुलेशनवालं स्टील आहे. ऐंशी-नव्वद किलो सहज असेल."

"आणि ते मोटर उचलते, हे तुला कुणी सांगितलं?"

भाच्याने मान वर केली. मोटर नाही तर कोण उचलतं?

"आपल्या पेठेतल्या किराणा दुकानाचं शटर आठव," मावशी म्हणाली. "दुकानदार सकाळी आकडा लावतो, एक हिसका देतो, आणि शटर निम्म्याच्या वर आपोआप जातं. तो काही पैलवान नसतो. वरच्या पाइपात स्प्रिंग गुंडाळलेली असते. तुझ्या दाराच्या डोक्यावरही आडवा दांडा आहे, त्यावर जाड स्प्रिंगांची जोडी आहे. दार खाली येतं तेव्हा ती पिळली जाते, वर जाताना सुटते. वजन पेलते ती स्प्रिंग. मोटरने फक्त ढकलायचं."

तिने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. स्प्रिंग नीट लावलेली असेल तर ते नव्वद किलोचं दार हाताला चार-पाच किलोचं लागतं. साधारण ओपनर दार सेकंदाला सात इंच, म्हणजे 0.18 मीटर वेगाने चालवतो. पाच किलो गुणिले 9.8 गुणिले 0.18 म्हणजे नऊ वॅटसुद्धा भरत नाहीत. आणि अर्धा हॉर्सपॉवर म्हणजे 373 वॅट.

"मग अर्धा हॉर्सपॉवर तरी कशाला देतात?" भाच्याने बरोबर जागी बोट ठेवलं.

"सुरुवातीचा झटका असतो. चाकांचं, बिजागरांचं घर्षण असतं. थंडीत ग्रीस घट्ट होतं, दार खालच्या रबराला चिकटतं, वारा दाबतो. गिअरमध्ये ताकद वाया जाते. त्यासाठी हात राखून दिलेलं असतं. पण सव्वा हॉर्सपॉवर घेऊन तू काय करणार? खराब झालेली स्प्रिंग झाकणार."

हे तिने नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. ही चाचणी कुणालाही करता येते. दार पूर्ण बंद असताना ओपनरच्या रुळावरून लोंबणारी लाल दोरी ओढायची; मोटर आणि दार वेगळे होतात. मग दार हाताने उचलून कमरेएवढं आणायचं आणि सावकाश सोडायचं. ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. (दोरी ओढताना दार बंदच हवं. उघड्या दाराची स्प्रिंग तुटलेली असेल तर सगळं वजन खाली आदळतं.) भाच्याने दार उचललं तेव्हा त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि हात सैल केल्याबरोबर दार सरळ जमिनीला टेकलं.

नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य 10,000 फेऱ्यांचं धरतात. एकदा उघडून बंद झालं की एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षांच्या आतच हिशेब संपतो. घर घेऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती आणि या काळात स्प्रिंगला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे हिवाळाभर ज्या मोटरला शिव्या खाव्या लागल्या ती बिचारी दुसऱ्याचं ओझं वाहत होती. अशा दारावर दांडगी नवी मोटर चढवली असती तर काही दिवस सगळं सुरळीत वाटलं असतं, आणि मग नव्या मोटरचे गिअर झिजले असते.

"व्हिडिओ बघून बदलतो की स्प्रिंग. दोन सळया लागतात फक्त," भाचा म्हणाला.

"अजिबात नाही." मावशीचा आवाज पहिल्यांदा चढला. "दार उचलण्याची जवळजवळ सगळी ताकद त्या गुंडाळीत कोंडलेली असते. सळई निसटली तर मनगट जाईल. बाकी सगळं तू कर, त्याला मात्र माणूस बोलाव."

इथे तिचं म्हणणं मानायलाच हवं. अमेरिकेत घरची कामं स्वतः करण्याची हौस चांगली आहे, पैसेही वाचतात, पण पिळलेली टॉर्शन स्प्रिंग त्या यादीत बसत नाही.

वरचढ ठरलेली मावशी पुढच्याच मुद्द्यावर हरली. तिला साखळीचा ओपनर हवा होता. स्वस्त आणि दणकट, मळ लागला तरी चालतो. दीड-दोनशे डॉलरपासून मिळतो. "पट्टा काय, रबराचाच ना? आज ना उद्या ताणणार," ती म्हणाली.

"मावशी, तू झोपतेस ती खोली कुठे आहे?"

खोली बरोबर गॅरेजच्या वर होती. भाच्याची बायको इस्पितळात नोकरीला, तिची पाळी रात्री उशिरा संपते. साखळीचा आवाज रुळातून छताच्या तुळयांत जातो आणि तुळयांतून वरच्या जमिनीत. शिवाय हल्लीच्या पट्ट्यात आतून पोलादी किंवा काचतंतूंचे धागे असतात. तो निव्वळ रबर नसतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. पन्नास-शंभर डॉलरच्या फरकासाठी रोज रात्री घर जागं करण्यात शहाणपण नाही. गॅरेज घरापासून सुटं असतं तर साखळीच योग्य होती. आणखी एक प्रकार स्क्रूचा: लांब आट्यांचा दांडा फिरतो आणि त्यावरून दार सरकतं. त्याला थंडी-उन्हाचा चढउतार फारसा मानवत नाही, म्हणून न्यू जर्सीत त्याचा विचार फार वेळ करायचं कारण नव्हतं.

भाच्याला खरा मोह पडला होता तो भिंतीवर बसणाऱ्या ओपनरचा. तो छतावर नसतोच. दाराच्या बाजूला बसून स्प्रिंगचा दांडा थेट फिरवतो. छत मोकळं, आवाज कमी, दिसायला देखणा. चारशे डॉलरच्या पुढे. मावशीने तीन प्रश्न विचारले. छताला सायकली टांगायच्या आहेत का? छत इतकं उंच आहे का की मधला रूळ अडचणीचा होतो? दाराशेजारच्या भिंतीत प्लग आहे का? तिन्हींचं उत्तर नाही असं आलं. हा ओपनर फक्त टॉर्शन दांड्याच्या दारावर बसतो, बाजूला लांब ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगा असलेल्या दारावर बसतच नाही. त्यात दार छतावरून कुणी खेचत नसल्यामुळे दाराला दांड्याशी जोडणाऱ्या दोन्ही केबल कायम ताठ राहाव्या लागतात, आणि दाराचा तोल बिघडला की त्या सैल पडतात. उंच छताच्या गॅरेजात हे यंत्र फार कामाचं आहे. इथे तो निव्वळ शौक झाला असता.

मग दोघं मोटर बघायला स्टुलावर चढली आणि तिथे वेगळंच सापडलं.

दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत एकमेकांकडे बघणारे दोन सेन्सर असावे लागतात. मधला अदृश्य किरण कुणी तोडला की खाली येणारं दार थांबून वर जातं. या घरात ते दाराशी नव्हतेच. आधीच्या मालकाने दोन्ही काढून, छताखाली मोटरशेजारी समोरासमोर चिकटपट्टीने बांधून ठेवले होते. म्हणजे किरण कधी तुटायलाच नको. सेन्सरवर धूळ बसून दार बंद होईना की लोक हा उपाय करतात. घरात पाच वर्षांची मुलगी, आणि नऊ वर्षं हे असंच चाललेलं.

"अगं, मला वाटलं ते वरच असतात," भाचा ओशाळून म्हणाला.

ही तरतूद उगाच आलेली नाही. 1980 च्या दशकात अमेरिकेत स्वयंचलित दारांखाली सापडून डझनावारी मुलं दगावली. त्यानंतर 1990 साली संघराज्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना दुहेरी संरक्षण सक्तीचं झालं. अडथळ्याला टेकताच दार उलटं फिरलं पाहिजे, आणि त्याशिवाय प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा दाबाने चालणारी कड हवी. सेन्सर जमिनीपासून सहा इंचांपेक्षा वर लावायचे नाहीत, कारण रांगतं मूल खालून जातं. अडथळ्याची परीक्षा घ्यायची तर दीड इंच जाडीची फळी उंबऱ्यावर आडवी ठेवून दार बंद करायचं. फळीला टेकून ते दोन सेकंदांत वर वळलं नाही, तर तो ओपनर वापरायचा नाही. ही परीक्षा दर महिन्याला घ्या, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. किती घरांत घेतात कोण जाणे.

यानंतर वाद आला ॲपवर, आणि तो चहाच्या दोन फेऱ्या चालला.

"मला कॅमेऱ्याचा, वाय-फायवाला हवाच," भाचा म्हणाला. "ऑफिसला अर्ध्या वाटेत पोचलो की शंका येते, दार लावलं का? एकदा खरंच दिवसभर उघडं राहिलं होतं. फोनवर बघितलं, बटण दाबलं, विषय संपला. पार्सलवाला माल आत ठेवून जाऊ शकतो."

"विसरभोळ्यासाठी टायमर असतो. पाच मिनिटांनी आपोआप बंद होतं. त्याला इंटरनेट लागत नाही." मावशीला हे माहितीपुस्तकातूनच कळलं होतं, ती ते कादंबरीसारखं वाचत होती. "आणि जगात कुठूनही दार उघडायचं म्हणजे चोरालाही जगात कुठूनही उघडता येणार."

भाच्याने इथे प्रामाणिकपणा दाखवला. तिच्या बाजूचा पुरावा त्यानेच दिला. 2023 च्या एप्रिलमध्ये नेक्स नावाच्या कंपनीच्या गॅरेज-नियंत्रकांबद्दल अमेरिकी सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने इशारा काढला होता. सगळ्या उपकरणांसाठी एकच परवलीचा शब्द वापरलेला. तो हाती लागला की परक्याचं दार उघडता येत होतं. "पण मावशी, जुने रिमोट काही सोवळ्यातले नव्हते," तो म्हणाला. आधीच्या रिमोटमध्ये आठ ते बारा छोटे खटके असायचे आणि त्यांनी ठरणारा संकेत कायम तोच. बारा खटक्यांचे एकूण 4,096 संकेत. 2015 मध्ये सॅमी कामकार या सुरक्षा-संशोधकाने मुलींसाठीचं, बाजारातून गेलेलं एक खेळणं, मॅटेल कंपनीचं संदेश पाठवायचं यंत्र, थोडं बदलून अशी दारं दहा सेकंदांच्या आत उघडून दाखवली. आता विकले जाणारे चांगले ओपनर रोलिंग कोडवर चालतात: दर वेळी संकेत बदलतो. ज्यांच्या घरी अजून खटक्यांचा रिमोट आहे त्यांनी ओपनर बदलायला हे एकच कारण पुरेसं आहे.

"आणि चोर एवढं शिकलेला कुठे असतो?" भाचा पुढे म्हणाला. "तो दाराच्या वरच्या फटीतून तारेचा आकडा घालतो आणि तीच तुझी लाल दोरी ओढतो. नाहीतर बाहेर उभ्या गाडीची काच फोडून आतला रिमोट घेतो."

यावर मावशी गप्प झाली. मुद्दा बिनतोड होता. दोरीच्या खटक्याला बसवायचं प्लास्टिकचं कवच मिळतं, ते यादीत आलं. रिमोट गाडीत ठेवायचा नाही, हेही ठरलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण दोघं ज्या धोक्याभोवती फिरत होती तो ॲपचा मोठा धोका नव्हेच. दार उघडायची परवानगी कोणाच्या हाती राहते, हा खरा प्रश्न. चेंबरलेन ही या धंद्यातली मोठी कंपनी. लिफ्टमास्टर तिचंच नाव. 2023 च्या शरदात तिने फोनवरून दार चालवायच्या आपल्या मायक्यू सेवेशी इतरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरचा संबंध तोडला. होम असिस्टंट हे घर चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची दारं एका फटक्यात त्यांच्या व्यवस्थेबाहेर गेली, आणि होम असिस्टंटने डिसेंबरच्या आवृत्तीतून तो दुवाच काढून टाकला. कंपनीचं म्हणणं असं की मूठभर ग्राहकांच्या अशा परस्पर वापरामुळे निम्म्याहून जास्त वर्दळ होत होती. तेही खरं असेल. पण छताखालची मोटर, दार आणि वीज ग्राहकाची असताना त्याच्या फोनवरून ती कशी चालावी हे कंपनीचा सर्व्हर ठरवतो, एवढं त्यातून दिसलं. हीच कंपनी त्याच्या सुमारे वीस वर्षं आधी दुसऱ्याने बनवलेल्या रिमोटविरुद्ध कोर्टात गेली होती आणि 2004 मध्ये अपील कोर्टात हरली. तेव्हा न्यायालय ग्राहकाच्या बाजूने उभं राहू शकलं, कारण रिमोट खिशात असतो. सर्व्हर खिशात नसतो.

"म्हणजे माझंच खरं," मावशी.

"निम्मं. वाय-फाय नसलेला चांगला ओपनर आता शोधावा लागतो. येईल तो येऊ दे, पण मी तो कंपनीच्या खात्याला जोडणार नाही. हौशी लोकांनी बनवलेलं छोटं सर्किट मिळतं, ते ओपनरच्या तारांना जोडलं की दार फक्त घरातल्या नेटवर्कवर दिसतं." पार्सल गॅरेजात ठेवून घेण्याची सोय त्यामुळे गेली. ती सोडायला भाचा तयार झाला, जरा नाखुशीनेच.

"आणि चोवीस तास जागं राहायला ते यंत्र वीज खातं, ते?" मंडळाची सवय जात नाही. पाच वॅट धरले तर वर्षाला 44 युनिट. इथल्या दराने आठ-दहा डॉलर. भाच्याने हे मनावर घेतलं नाही आणि घ्यायची गरजही नव्हती.

रेडिओचा एक घोळ मात्र तिनेच सोडवला. रिमोट दारापासून दहा फुटांवर आल्याशिवाय चालत नसे. नवा ओपनर घ्यायला भाच्याने दिलेलं ते एक कारण होतं. मावशीने मोटरच्या डब्यातला स्वस्त एलईडी दिवा काढला, आणि रिमोट रस्त्यावरून चालू लागला. काही एलईडी दिव्यांच्या सर्किटमधून रेडिओचा गोंगाट निघतो आणि रिमोटचा क्षीण संदेश त्यात बुडतो. भाच्याने त्याहून मोठा गोंगाट सांगितला. 2004 च्या सुमारास फ्लोरिडात एग्लिन या हवाई तळाभोवतीच्या घरांतले ओपनर अचानक मुके झाले, कारण सैन्याने 390 मेगाहर्ट्झच्या आसपास आपले नवे रेडिओ सुरू केले होते आणि पुष्कळ ओपनर तिथेच बोलत. सैन्याचा हक्क पहिला. म्हणून एकापेक्षा जास्त फ्रिक्वेन्सीवर चालणारा ओपनर बरा.

राहिली बॅटरी. गंमत म्हणजे इथे वीज मंडळाची बाईच विजेवर विश्वास ठेवायला तयार नव्हती.

"इथे वीज जात नाही गं."

"सँडीच्या वेळी?"

ऑक्टोबर 2012 मधल्या त्या वादळाने न्यू जर्सीत लाखो घरं कित्येक दिवस अंधारात ठेवली होती. भाचा तेव्हा जर्सी सिटीत भाड्याच्या खोलीत राहत होता, गॅरेजचा प्रश्नच नव्हता. कॅलिफोर्नियाला तर हा धडा फार महागात मिळाला. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये राज्याच्या उत्तर भागात वणवे पेटले, वीज गेली, आणि गॅरेजची जड दारं हाताने उघडता न आल्याने काही जण अडकले. त्यांत म्हातारी माणसं होती. म्हणून 1 जुलै 2019 पासून त्या राज्यात विकल्या वा बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला बॅटरी सक्तीची आहे. न्यू जर्सीत हा निर्णय ग्राहकावर आहे.

"लाल दोरी आहेच की," भाचा म्हणाला.

"मघाशी दार तुलाही जड गेलं. मला उचलेल?"

बॅटरी हवी म्हटल्यावर मोटर डीसी हे ओघानेच आलं. तिचा दुसरा फायदा असा की दार सावकाश सुटतं आणि सावकाश टेकतं. धक्का कमी, आवाज कमी. बॅटरीवर दिवसभरात वीसेक वेळा दार चालतं असं उत्पादक सांगतात. ती बंदिस्त शिसे-आम्लाची असते, दोन-तीन वर्षांत मरते आणि मरताना रात्री-अपरात्री टिट-टिट करत राहते. बदलायचा खर्च आताच धरून चालावं.

अशा तऱ्हेने सव्वा हॉर्सपॉवरचा, भिंतीवरचा, कॅमेऱ्याचा ओपनर यादीतून गेला आणि पाऊण हॉर्सपॉवरच्या तोडीचा, पट्ट्याचा, डीसी मोटरचा, बॅटरीसकटचा आला. कॅमेऱ्यावर एकमत झालं नाही; भाच्याने तो वेगळा मागवला आणि मावशीने त्यावर बोलणं सोडलं.

स्प्रिंग बदलणारा माणूस शनिवारी आला. त्याने दार मोजलं, वजन केलं आणि विचारलं, 10,000 फेऱ्यांची स्प्रिंग टाकू की 25,000 ची? दुसरी महाग आहे. भाच्याने मावशीकडे पाहिलं. एक बॅटरी सोडली तर साखळीपासून कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येक वेळी तिने स्वस्ताची बाजू घेतली होती.

"पंचवीस हजारवाली," ती म्हणाली. "अडीचपट चालणार, आणि पैसे काही अडीचपट सांगत नाहीये तो. आणि दोन्ही एकदम बदलायला सांग. एक नवी, एक जुनी अशी जोडी ठेवू नकोस."